उन्हात वाळत घातलेले सेल

ज्या माणसाने आल्या आल्या माझ्या वर्गातला फळा भिंतीकडे तोंड करून उभा केला, त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. पण बोलते. वाईट बोलून झालंय, तेही त्याच्या तोंडावर आणि पुष्कळ वर्षं.

आमची शाळा शेणव्याच्या पुढे. मी मराठी शिकवायची, हे सर गणित. मी शहापूरची, सर मुरबाडचे. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे तिथल्या माणसाला कुठेही जायचं तर आधी जीपमध्ये कोंबून घ्यावं लागतं. सर जीपने सापगाववरून शहापूरला यायचे आणि तिथून माझ्याच एस्टीत चढायचे. केस विस्कटलेले, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात, आणि मांडीवर पंच्यात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर. खड्डा आला की सर आधी त्याला सावरायचे, मग स्वतःला. कंडक्टर रोज विचारायचा, "काय सर, बाळ केवढं झालं?"

"दात येतायत अजून," सर म्हणायचे. हसायचे मात्र नाहीत. त्यांच्या मंडळींनी मला एकदा सांगितलं, "बाई, मी त्या डब्याला सवत म्हणते. पावसात हे भिजतात आणि ती कोरडी येते."

तर फळा. दर जूनमध्ये नववीचा नवा वर्ग हाती आला की पहिला आठवडा सर फळा त्याच्या लाकडी घोड्यावर उलटा करून ठेवायचे. गणित नुसतं तोंडी, नाही तर चिंचोक्यांनी, नाही तर टेपवर. पुढचा तास माझा. मी तो धुडासारखा फळा पुन्हा सुलटा करायचा, हात धुळीने माखायचे, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पाठमोरा.

"सर, फळा शाळेचा आहे. तुमच्या घरचा नाही."

"शाळेचाच आहे बाई. त्याला आठवडाभर रजा दिलीय. किती राबतो बिचारा!"

"आणि मी काय हमाल आहे?"

"तुमी बी घ्या ना रजा," असं म्हणून हे निघाले हापशीवर पाणी प्यायला. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं!

सरांचं एक पालुपद होतं. "गणिताच्या घराला दारं पुष्कळ आहेत, बाई. आपण सगळ्या पोरांना मोरीच्याच दारातून आत घेतो आणि वर म्हणतो, ही पोरं घसरतात कशी!" आणि एक शब्द त्यांना सोसायचा नाही. स्टाफरूममध्ये कोणी एखाद्या मुलाला 'ढ' म्हटलं, की सर हातातला कप खाली ठेवून बाहेर जायचे. बोलायचे काही नाहीत. चहा तसाच राहायचा आणि त्यावर साय धरायची. काही दिवसांनी आम्ही तो शब्द वापरणं सोडलं. सुधारलो वगैरे नाही हो, चहा वाया जाताना बघवत नव्हता.

आमच्याकडे निम्मी पोरं खालच्या गावांतली, भातशेतीवाल्यांची. निम्मी वरच्या वाड्यांवरची. वाडीवरच्या पोरांची घरची बोली वेगळी. पुस्तकातलं मराठी त्यांना कळायला वेळ लागतो, आणि वेळ लागतो तोवर गणित पुढे गेलेलं असतं. शिवाय दिवाळी झाली की त्यांतली कित्येक पोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची, परतायची ती एकदम उन्हाळ्यात. सरांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे तो टेपरेकॉर्डर. ज्या पोराला एखादं गणित कळलं, त्याने ते घरच्या बोलीत टेपवर सांगायचं. पुस्तकी बोललं की सर टेप बंद करायचे. "असं तू आयशीशी बोलतोस का रे? नाय ना? मग पुन्हा सांग." अर्ध्या-पाऊण भागाचं गणित भात मोजायच्या पायली-अधोलीत व्हायचं, टक्केवारी कोंबड्यांच्या पिल्लांत. या कॅसेटी भट्टीवर विटा भरायला जाणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरांकडे द्यायच्या. ट्रक भरेपर्यंत पोरांनी केबिनशी उभं राहून ड्रायव्हरच्या टेपवर ऐकायच्या.

कॅसेटी सर घराघरांतून मागून आणायचे. लग्नाच्या, हळदीच्या, कुणाच्या बारशाच्या. त्यांच्या कडेचं भोक कागद कोंबून बुजवलं की पुन्हा भरता यायच्या. पण धडा संपला की खालचं लग्न वर यायचं. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश असते, असं म्हणून आवाज थांबायचा आणि लगेच लाऊडस्पीकर ओरडायचा, "नवरदेवाकडच्या मंडळींनी जेवायला बसून घ्यावे!" एका पोराने चाचणीत प्रमेयाखाली तेही वाक्य लिहिलं. सरांनी त्याला पूर्ण मार्क दिले. मी म्हटलं, कहर झाला. ते म्हणाले, "प्रमेय बरोबर आहे ना? मग जेवू द्या की मंडळींना."

टेप वर्गात सेलवर चालायचा, कारण प्लग होता तो एकट्या ऑफिसात. आणि सेल किती पुरणार? सेल मरायला टेकले की आपल्याकडे माणसं दोन गोष्टी करतात. दातांनी चावतात, नाही तर उन्हात ठेवतात. सर दोन्ही करायचे. शाळेच्या कठड्यावर त्यांचे सेल ओळीने वाळत असायचे आणि शेजारी आमच्या शिपाईणबाईंच्या मिरच्या. गणितात एम.एस्सी. झालेला माणूस हा! मी म्हणायची, "सर, अधूनमधून हलवत जा, खालून कच्चे राहतील." ते खरोखर जाऊन हलवून यायचे.

पुढे दोन हजार साल उलटलं आणि कोणा भल्या माणसाने शाळेला एक कम्प्युटर दिला. तो हेडसरांच्या ऑफिसात गेला. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आला. दसऱ्याला हार, रोज उदबत्ती, आणि आत जाताना चपला बाहेर. हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती, हेडसरांनाही नव्हती म्हणायला हरकत नाही, कारण ते स्वतःच त्याला भ्यायचे. हेडसर माणूस वाईट नव्हते. कडक होते, आणि दहावीच्या निकालाच्या काळजीने पोखरलेले होते. निकाल खाली यायला नको म्हणून कच्ची पोरं नववीतच अडकवायची, ही तेव्हा बऱ्याच शाळांची रीत. आमचीही.

आता सोमी. सोमी वाडीवरची. मागच्या बाकावर बसायची, बोटांत वेणीचं टोक. फळ्यावरचं कधी उतरवून घेतलं नाही, वही कोरी. लिहिलंच तर ओळीवर ओळ चढलेली, अक्षरात अक्षर गुंतलेलं. आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलेलं, पोर मंद आहे. आठवीला गणित खुद्द हेडसरांकडे होतं. ती तिथे वर्षभर गप्प बसली आणि कशीबशी वर ढकलली गेली.

ती नववीत आली आणि सरांनी रिवाजाप्रमाणे फळा उलटा केला. त्या आठवड्यात सोमी बोलायला लागली. सरांनी टेपवर गणित लावलं की बाकीचे वहीत मांडत असताना मागच्या बाकावरून उत्तर यायचं, हळूच. पहिल्यांदा सरांना वाटलं दुसरंच कोणी बोललं. आठवडा संपला, सोमवारपासून फळा सुलटाच राहिला, आणि सोमी पुन्हा गप्प.

सर स्टाफरूममध्ये आले ते धावतच. "बाई, ती पोरगी फळा बघतच नाय. तिला दिसत नाय!"

"चष्मा लागला असेल. एवढं काय ओरडताय?"

तिला आणि तिच्या वडलांना घेऊन सर कल्याणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, चष्म्याने भागणार नाही, जन्मापासून डोळ्याच्या आतच दोष आहे. जवळचं आणि मोठं तेवढं दिसेल. वडील म्हणाले, "शेतावं तं नीट लावनी करते." परतीच्या वाटेवर त्यांनी सरांना साफ सांगितलं, "सर, तुमी सांगताय मनून औंदा ठेवतो. पन नववीत नापास झाली तं मंग दिवालीनंतर आमच्यासंगती भट्टीवं." सरळ माणूस होता. वाडीवरच्या घरात दोन हात जास्त म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक.

झालं. त्या दिवसापासून सरांच्या डोक्यात एकच. जवळचं आणि मोठं.

कम्प्युटर कसा मिळवला ते ऐका. एक दिवस चपला काढून, उदबत्तीला नमस्कार करून सर आत गेले, रुमाल बाजूला केला आणि हेडसरांचं नाव टाइप करून एवढं मोठं केलं की पडदाभर फक्त तेच. हेडसर खुर्चीतून उठून समोर उभे राहिले. बराच वेळ बघत होते. आपलं नाव एवढं मोठं माणसाला कधी दिसतं? मग घसा खाकरून म्हणाले, "मधल्या सुट्टीत. अर्धा तास. आणि हात धुऊन."

रोज मधल्या सुट्टीत सोमी पडद्याला नाक लावून बसायची. एकेक आकडा हातभर. समीकरण असेल तर बाण दाबून पुढे सरकवायचं. गाडीच्या डब्यांसारखे आकडे एकामागून एक यायचे. पहिल्या दिवशी आठचा आकडा बघून ती म्हणाली, "ह्याला दोन भोकं असतात?" मला हसू आलं आणि मग एकदम रडू. पंधरा वर्षांची पोर, आठ तोंडाने मोजत होती, आणि आठ कसा दिसतो ते तिने बघितलं नव्हतं. त्या दिवशी मी सरांशी भांडले नाही. त्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. "बाई, बरं नाय का तुमाला?"

वर्षअखेरीला प्रश्न आला परीक्षेचा. सोमीचं लिहिलेलं कुणाला वाचता येणार नाही. सर म्हणाले, पेपर मोठ्या अक्षरात पडद्यावर द्या, उत्तरं ती टेपवर सांगेल. हेडसर म्हणाले, "आणि शेजारी बसून तुम्ही सांगाल." शेवटी तोड निघाली. पेपर दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांनी काढायचा. पर्यवेक्षक मी, कारण सरांची बाजू मी घेणार नाही याची सगळ्या शाळेला खात्री! सर इमारतीत पाऊल टाकणार नाहीत. आणि टेप हेडसर स्वतः तपासणार.

पेपरच्या दिवशी सकाळी सर मला म्हणाले, "लोडशेडिंगचं टाइमटेबल बघून आलोय. दुपारपर्यंत लाईट जात नाय. सगळं फिट्ट."

पेपर सुरू झाला. ऑफिसात पंखा गरगरतोय, पडद्यावर आकडे, टेपचं लाल बटण दाबलेलं. सोमी नाक लावून वाचते आणि तिच्या बोलीत टेपला सांगते. निम्मा पेपर झाला असेल नसेल, तेवढ्यात पंखा मंद झाला. पडदा काळा. टेप गप्प.

सोमी हळूच म्हणाली, "बाई, गेलं सगलं."

मी खिडकीपाशी गेले. सर हापशीजवळ डोक्यावर पंचा घेऊन बसलेले. "अहो सर! लाईट गेली! कसलं टाइमटेबल बघितलंत?"

सरांनी खिशातला कागद काढला, बघितला आणि कपाळावर हात मारला. "मुरबाडचं बघितलं, बाई."

घ्या! शाळा शहापूर तालुक्यात आणि हा गृहस्थ मुरबाडचं टाइमटेबल खिशात घालून हिंडतोय! मला असा संताप आला म्हणून सांगू! "सेल द्या आधी!" मी ओरडले. सर धावत कठड्यावरून सेल घेऊन आले आणि खिडकीच्या गजांतून आत हात घातला. डोळे गच्च मिटलेले. पेपर बघितला असं कोणी म्हणायला नको म्हणून आंधळ्यासारखे चाचपडत होते. सेल उन्हाने कढत झालेले.

"नवे नाहीत?"

"लाईट असणार होती ना," सर डोळे मिटूनच म्हणाले.

सेल घातले, टेप सुरू झाला. पण पेपर? माझ्या हातातला कागद सोमीला दिसणार नाही, आणि वाचून दाखवायचा नाही असं ठरलेलं. मी पदर खोचला, खडूचा डबा घेतला, टेबल ओढून बाजूला केलं आणि खाली बसले. शहाबादी फरशीवर एकेका लादीएवढा एकेक आकडा काढत सुटले. सोमी माझ्या मागून गुडघ्यांवर रांगत, फरशीला नाक लावून वाचत होती आणि टेपजवळ जाऊन सांगत होती. फरशी संपली की साडीच्या पदराने पुसायची आणि पुढचं गणित. शेवटचं झालं तेव्हा आम्ही दोघी पिठात लोळल्यासारख्या पांढऱ्याफटक होतो.

दुपारी लाईट आली. हेडसर टेप लावून बसले. मी होते, आणि आता सरांनाही आत घेतलं. बाहेर व्हरांड्यात सोमी आणि तिचे वडील. पहिला निम्मा पेपर स्वच्छ ऐकू आला. हेडसर मार्क मांडत गेले. चूक, बरोबर, बरोबर, चूक. पास व्हायला पुढच्यातलं बरंच लागणार होतं. आणि लाईट गेली तिथून पुढे टेपमधून जे निघालं ते ऐकून शिपाईणबाई पदर तोंडाला लावून बाहेर पळाल्या. चिकचिकचिक! उंदराने पाढे म्हणावेत तसा आवाज. एक शब्द कळेना.

हेडसरांनी पेन ठेवलं. "ही काय थट्टा आहे?"

"थट्टा नाय सर," सरांचा चेहरा उतरला होता. "सेल मेलेले होते. टेप हळू फिरत होता. आता लाईटवर भरभर फिरतोय, मनून असं."

"मग मी काय करू? जे कळत नाही त्याला मार्क कसे देऊ? निम्म्या पेपरात ती नापास आहे."

सर खाली बघत होते. मला वाटलं, संपलं. पोर चालली भट्टीवर, आणि तीही या माणसाच्या वाळवलेल्या सेलांपायी. एवढ्यात सरांनी झटक्यात मान वर केली. टेपची वायर उपसली, आणि तेच मेलेले सेल पुन्हा आत घातले. "ज्या चालीने भरलंय त्याच चालीने वाजवू या!"

बटण दाबलं. टेप कण्हत सुरू झाला आणि सोमीचा आवाज आला. सोमीचाच. शांत, वाडीवरचा. मी टाळी वाजवणार होते, हेडसरांकडे बघून हात मांडीवर ठेवले. हेडसर पुढे वाकले, मार्क मांडायला लागले. बरोबर. बरोबर. पण सेल उतरत होते. आवाज जाड व्हायला लागला. सोमीची आई बोलतेय असं वाटलं, मग तिचा बाप, मग रेडा. शेवटचं गणित सुरू झालं आणि टेपने एक लांब हुंकार दिला आणि थांबला. सर सेल चावायला लागले, पण आता त्यांच्यात राम नव्हता.

पोर काठाला येऊन टेकली होती. चढायला तेवढं एक गणित हवं होतं. हेडसर टेपकडे बघत राहिले. मग दाराकडे बघून हाक मारली, "सोमी! आत ये."

ती चौकटीशी उभी राहिली, केसांत अजून खडू.

"शेवटचं गणित. आईचं वय मुलीच्या तिपटीहून दोनने जास्त, दोघींचं मिळून पन्नास. काय सांगितलंस?"

"पन्नासातली दोन आदी बाजूला ठेवली," सोमी म्हणाली. "रायली अठ्ठेचालीस. त्याचे चार वाटे घातले. एक वाटा पोरीचा, तीन आयशीचे. वाटा बाराचा. पोरगी बारा. आयशीचे तीन वाटे छत्तीस, नि बाजूला ठेवलेली दोन तिची तिला. अडतीस."

"यात एक्स कुठे आहे?"

"एक वाटा तोच एक्स ना, सर."

हेडसरांनी मार्क मांडले. बेरीज केली, पुन्हा केली. पास. सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि पंच्याने डोळे पुसायला लागले. पण हेडसरांचं संपलं नव्हतं. ते तिच्याकडे बघतच होते.

"तू आठवीत वर्षभर माझ्यासमोर बसलीस. फळा दिसत नाही, हे का नाही सांगितलंस?"

सोमीने जरा विचार केला. "मना वाटं, सगल्यांना असाच दिसतो."

हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, आणि बराच वेळ डोळ्यावर ठेवलाच नाही.

सोमी भट्टीवर गेली नाही. पुढच्या वर्षी दहावी पास झाली, गणितातसुद्धा.

त्याआधी जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवसाचं सांगते. आठवीची नवी पोरं आली होती. मी हजेरी घ्यायला गेले तर हेडसर आधीच वर्गात. फळ्यावर त्यांनी एक मोठा आकडा, एक मधला, एक बारीक, असे काढून ठेवलेले, आणि एकेका पोराला मागच्या बाकापाशी नेऊन उभं करत होते. दारात आमचे सर, मांडीवरचं ते बाळ आता काखेत.

बहुतेकांनी तिन्ही आकडे सांगितले. मग वाडीवरचा एक बारका पोरगा आला. फळ्याकडे बघितलं, इकडे तिकडे बघितलं, आणि बाकीच्यांचं ऐकलेलं घाईघाईने म्हणून टाकलं.

हेडसर त्याच्यासमोर उकिडवे बसले. "ऐकलेलं नको सांगू, बाळा. तुला दिसतंय ते सांग. फळा सगळ्यांना सारखा दिसत नसतो."

पोराने मान खाली घातली आणि म्हणाला, "मना नाय दिसत."

"शाब्बास," हेडसर म्हणाले.